उत्तरेकडील सावलीचे अंगण: झाडांच्या यादीआधी उन्हाचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील आपल्या बंगल्याच्या मागे, म्हणजे उत्तरेला, २० फूट खोल आणि ३० फूट रुंद अंगण आहे. त्याच्या दक्षिणेला तळमजला आणि वर एक मजला असे आपले घर, पूर्वेला जुना डेरेदार आंबा आणि पश्चिमेला काही वर्षांपूर्वी उभी राहिलेली चार मजली इमारत आहे. लॉन दोनदा लावले आणि दोन्ही वेळा गेले. गुलाब आणि मोगरा जगले, पण फुलत नाहीत. तुळस दर थंडीत जाते. सावली आहे म्हणून हौसेने आणलेले फर्न मात्र गेल्या उन्हाळ्यात करपले. सासूबाईंना संध्याकाळी निवांत बसता येईल अशी जागा हवी आहे, आणि या सगळ्यासाठी आपण सावलीत वाढणाऱ्या झाडांची यादी मागितली आहे.

झाडांची नावे पुढे येतीलच. परंतु नुसती यादी घेऊन आपण नर्सरीत गेलात, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हाच प्रश्न विचारण्याची वेळ येईल, असे मला वाटते. फर्न करपल्याचा उल्लेख आपण ओझरता केला आहे. मला मात्र संपूर्ण प्रश्नात तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला. दिवसभर सावली असणाऱ्या जागेत फर्न करपत नाहीत, पाणी कमी पडले तर सुकतात. करपले याचा अर्थ तेथे ऊन आले, आणि तेही कडक. म्हणजे आपल्या अंगणातली सावली वर्षभर एका जागी थांबत नाही, झाडे मात्र लावली तेथेच राहतात. बाग आखायची ती याच गोष्टीभोवती.

नाशिक जवळजवळ २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात येथे भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि क्षितिजापासून साधारण ४६ ते ४७ अंशांवर दिसतो. त्या वेळी कोणत्याही वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी पडते. आपले घर गच्चीच्या कठड्यासह २२ फूट उंच धरले, तर सावली उत्तरेकडे २१ फूट जाते, म्हणजे सगळे अंगण झाकले जाते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी ७० अंशांवर येतो आणि हीच सावली ८ फुटांवर येते. एप्रिलच्या मध्यास ती ४ फूट राहते. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तेथून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे त्या काळात घराची उत्तरेची भिंतदेखील उन्हात असते. जूनच्या मध्यापासून ढग येतात आणि ऊन बोथट होते, हे आपले नशीब.

आता यात आंबा आणि इमारत मिळवून पाहा. सकाळचे कोवळे ऊन आंबा अडवतो. दुपारी दीड-दोननंतरचे ऊन इमारत अडवते. मधल्या अडीच-तीन तासांचे ऊन तेवढे आत येते, आणि एप्रिल-मेमध्ये हेच तास सर्वांत कडक, पारा चाळिशीकडे गेलेला आणि हवा कोरडी. दिवसभर सावलीत राहून मऊ, पातळ झालेल्या पानावर हे ऊन अचानक पडते तेव्हा ते एका दुपारीही भाजू शकते. सावलीच्या अंगणात फर्न करपण्याचे कारण हेच आहे. तुळस थंडीत का जाते, याचेही उत्तर याच हिशेबात आहे: नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत दुपारचे थेट ऊन अंगणाच्या पार उत्तर टोकाला जेमतेम दोन-तीन फुटांपुरते येते, आणि डिसेंबरमध्ये तर तेवढेही पोहोचत नाही.

काही गोष्टी मला येथे बसून सांगता येणार नाहीत, कारण त्या आपल्या जागेवर अवलंबून आहेत: घराची नेमकी उंची, आंब्याच्या खालच्या फांद्या जमिनीपासून किती वर आहेत, इमारत हद्दीपासून किती अंतरावर आहे आणि तिच्या भिंतीचा रंग फिका आहे की गडद. म्हणून खरेदी करण्याआधी एक दिवस मोजणीला द्यावा. निरभ्र दिवशी सकाळी नऊ, अकरा, दुपारी एक आणि तीन वाजता सावलीच्या कडेवर रांगोळीने किंवा मैदानावर मारतात त्या फक्कीने रेघ ओढावी, आणि प्रत्येक वेळी गच्चीवरून, एकाच कोपऱ्यात उभे राहून, मोबाइलने फोटो घ्यावा. हेच काम मेच्या मध्यास आणि डिसेंबरमध्ये पुन्हा करावे. मोबाइलवर प्रकाश मोजण्याची ॲप मिळतात. त्यांचे आकडे काटेकोर नसतात, पण या कोपऱ्यापेक्षा त्या कोपऱ्यात प्रकाश दुप्पट आहे की निम्मा, एवढे समजायला ती पुरतात. मी कोणत्याही अंगणाचा आराखडा या रेघांशिवाय सुरू करत नाही, कारण मालकाची आठवण नेहमी ज्या वेळी तो घरी असतो त्या वेळच्या उन्हाची असते.

आपल्या वर्णनावरून अंगणाचे तीन भाग पडतात: आंब्याखालचा, घराच्या भिंतीलगतचा सुमारे आठ फुटांचा पट्टा आणि उत्तरेच्या कुंपणाकडचा पट्टा. तिन्हींना सावली आहे, पण तीन वेगवेगळ्या प्रकारची.

आंब्याखालचा भाग सर्वांत अवघड मानला जातो आणि बहुतेक अंगणांत तोच उघडाबोडका राहतो. येथे अंधारापेक्षा मुळांचा प्रश्न मोठा आहे. आंब्याची अन्न शोषणारी बारीक मुळे वरच्या दीड फुटातच दाट पसरलेली असतात, आणि त्यांच्यामध्ये लावलेल्या नव्या रोपाला पाण्याच्या प्रत्येक थेंबासाठी झगडावे लागते. त्यावर उपाय म्हणून माणसे खोडाभोवती फूटभर लाल माती ओततात आणि तिच्यात रोपे लावतात. हे कृपया करू नये. मुळांना हवा लागते. वर मातीचा जाड थर चढला की ती गुदमरतात आणि काही वर्षांत फांद्यांचे शेंडे वाळू लागतात. खोड जमिनीला मिळते तेथे त्याचा बुंधा रुंदावतो, तो भाग नेहमी उघडा दिसला पाहिजे.

दुसरी अडचण फार कमी लोक लक्षात घेतात. आंब्याला चांगला मोहोर यावा यासाठी बागायतदार ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात त्याचे पाणी तोडतात, त्याला ताण देतात. आंब्याखाली बारमाही हिरवी, सतत पाणी मागणारी झाडे लावली आणि थंडीत त्यांना रोज पाणी घातले, तर पालवी फुटते आणि मोहोर रुसतो. तिसरी गोष्ट मोहोराच्या दिवसांतली आहे. मोहोरावर तुडतुडे येतात, त्यांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा खालच्या झाडांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. आंब्याखाली ठेवलेल्या अग्लोनेमाचे रुंद पान फेब्रुवारीत अंगठ्याने पुसून पाहिले, तर बोटाला काजळी लागते आणि खालचे पान पुन्हा हिरवे दिसते. ही बुरशी पान खात नाही, पण आधीच कमी असलेला प्रकाश आणखी अडवते.

या तिन्ही अडचणींना एकत्र उत्तर देणारी झाडे आपल्याच सह्याद्रीत आणि परसांत आहेत. पावसाबरोबर उगवायचे, पावसाळाभर पाने आणि फुले मिरवायची, आणि थंडी आली की जमिनीखालच्या गड्ड्यात किंवा कांद्यात शिरून झोपायचे, असा त्यांचा क्रम असतो. आंब्याला ताण हवा असतो तेव्हा ती पाणी मागत नाहीत आणि चिकटा पडतो तेव्हा त्यांची पाने वर नसतात. रानहळद यांत पहिली. तिचे गुलाबी तुऱ्याचे कणीस पावसाळ्यात झाडाखालच्या अंधारात उजळून दिसते. घरची हळद आणि आंबेहळदही येथे येते. गड्डे बाजारातल्याइतके भरणार नाहीत, पण पातोळ्यांना पाने घरची मिळतील. भुईचाफा उन्हाळ्यात, पानांच्या आधी, कोऱ्या जमिनीतून सुवासिक फुले काढतो. मे फ्लॉवरचा लाल गोंडा त्याच दिवसांत येतो. डेऱ्याच्या कडेला, जेथे पावसाचे पाणी पानांवरून ओघळून पडते, तेथे पेवा लावावा. तो कमरेच्या वर जातो आणि त्याची पांढरी फुले लांबून दिसतात. मोकळ्या जागी तेरड्याचे बी टाकावे, म्हणजे गौरींसाठी तेरडा बाहेरून आणावा लागणार नाही. रानहळद आणि पेवा नर्सरीत वाढवलेलेच घ्यावेत; त्र्यंबक-इगतपुरीकडच्या डोंगरांतून उपटून आणू नयेत.

येथे कुदळ चालवू नये. खुरप्याने मुळांमधली मऊ जागा शोधावी, अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागले तर ते न तोडता बाजूला सरकावे, आणि लहान पिशवीतले रोप किंवा नुसता गड्डा लावावा. मोठी रोपे घेण्याचा मोह होतो, पण मुळांच्या गर्दीत लहान रोपच लवकर जम बसवते. दरवर्षी मेअखेर दोन इंच कुजलेले कंपोस्ट पसरावे आणि आंब्याची गळलेली पाने झाडून जाळण्याऐवजी त्याच भागात राहू द्यावीत. डिसेंबर ते मे हा भाग मोकळा दिसेल. त्यासाठी पुढच्या कडेला स्नेक प्लँट आणि स्पायडर प्लँटची एक ओळ बारमाही ठेवावी आणि दोन-तीन मोठे काळे दगड मांडावेत. या मोकळेपणाचा मोठा उपयोग आहे, तो पुढे सांगतो.

आंब्याच्या खालच्या फांद्या फार लोंबत असतील तर त्या काढल्याने सकाळचे ऊन आत येईल आणि ते सर्वांत उपयोगी ऊन आहे. मात्र शहरी भागात झाडांना १९७५च्या राज्य कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून छाटणीआधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी. छाटणी फळे उतरल्यावर करावी, एका वेळी थोडीच करावी आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी.

घरालगतच्या पट्ट्यात ऑक्टोबर ते मार्च छान, उजळ सावली असते, आणि एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस येईपर्यंत दुपारचे ऊन असते. दहा महिने उत्तम आणि दोन महिने घातक अशा जागेत नाजूक झाडे जमिनीत लावणे योग्य नाही. येथे कुंड्या ठेवाव्यात. फर्न, अग्लोनेमा, पीस लिली, कॅलेथिया, हंसराज ही सगळी हौस येथे, कुंडीत, भागवता येते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात या कुंड्या उचलून आंब्याखाली न्याव्यात. तोपर्यंत मोहोर आणि चिकटा संपलेला असतो, हळद-रानहळद अजून जमिनीखाली झोपलेली असते आणि तो भाग मोकळाच असतो. जूनमध्ये पाऊस स्थिरावला आणि खालून कोंब वर येऊ लागले की कुंड्या परत भिंतीलगत आणाव्यात. आंब्याखाली त्या विटांवर ठेवाव्यात, नाहीतर तळाच्या भोकातून आंब्याची मुळे आत शिरतात. आणि कैऱ्यांनी लगडलेल्या फांदीच्या बरोबर खाली ठेवू नयेत. मी आखलेल्या उत्तराभिमुख अंगणांत ही वर्षातून दोनदा होणारी अदलाबदल सर्वांत उपयोगी पडलेली आहे. ती झेपावी म्हणून सिमेंटच्या जड कुंड्या टाळाव्यात आणि बारा इंचांपेक्षा मोठी कुंडी घेऊ नये.

या पट्ट्यात जमिनीत लावायचेच असेल तर फिलोडेन्ड्रॉन झनाडू लावावा. तो सावलीत डौलदार राहतो आणि दोन महिन्यांचे ऊनही सोसतो. दोन झाडांत अडीच फूट अंतर ठेवावे. रॅपिस पाम सावलीसाठी सुरेख आहे, पण त्याच्या पानांची टोके मेमध्ये जळतात, म्हणून तो छज्जाखाली, कोपऱ्यात असावा. जोत्याला लागून माती चढवू नये; दीड फूट जागा सोडून तेथे खडी भरावी, म्हणजे भिंतीला ओल येणार नाही. घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी असतील तर डिफेनबेकिया, अलोकेशिया, फिलोडेन्ड्रॉन, मनी प्लँट यांची पाने चावल्यास तोंडाची आग होते आणि सूज येते, हे लक्षात ठेवून त्यांची जागा ठरवावी.

उत्तरेकडचा पट्टा आपला सर्वांत चांगला पट्टा आहे, आणि माझा अंदाज असा की सध्या तो अडगळीसाठी वापरला जात असावा. फेब्रुवारी ते ऑक्टोबर येथे दुपारचे अडीच-तीन तास ऊन मिळते. एवढ्या उन्हात अबोली चांगली फुलते. कुंद, कढीपत्ता आणि गवती चहा येतात. वायव्य कोपऱ्यात पारिजातक लावता येईल. उघड्या जागेतल्यासारखा सडा पडणार नाही, पण देवापुरती फुले मिळतील. गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा पाइप ज्या सखल जागी सोडलेला असेल तेथे सोनटक्का लावावा. त्याला ओल आवडते, श्रावण-भाद्रपदात त्याची फुले संध्याकाळी उमलतात आणि तेव्हाच आपली मंडळी बाहेर बसलेली असतील. अनंत लावायचा असेल तर एक अडचण सांगून ठेवतो: आपल्याकडची काळी माती बहुधा चुनखडीची असते, तिच्यात अनंताला लोह मिळत नाही आणि शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा अशी पाने दिसू लागतात. द्राक्षबागायतदार वापरतात ते चिलेटेड फेरस कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. ते वेष्टनावरील प्रमाणात द्यावे, किंवा अनंत सरळ कुंडीत, लाल मातीत लावावा.

तुळशीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपण त्याबद्दल मनापासून विचारले आहे. तुळशीला पाच-सहा तासांचे ऊन हवे, आणि या अंगणात ते कोठेही नाही. म्हणून वृंदावन उत्तरेच्या पट्ट्यात, आंबा आणि इमारत यांच्या मधल्या मोकळ्या भागासमोर बांधावे, पण त्यात माती भरून तुळस लावू नये. वृंदावनाच्या आत दहा इंची कुंडी बसेल एवढी पोकळी ठेवावी. दोन कुंड्यांत दोन तुळशी वाढवाव्यात. एक वृंदावनात, दुसरी गच्चीवर उन्हात, आणि दर आठवड्या-दहा दिवसांनी त्यांची अदलाबदल करावी. कार्तिकात लग्नाला वृंदावनात टवटवीत तुळस असेल. त्यानंतर जानेवारीअखेरपर्यंत ही फेरी आणखी लवकर करावी, पाणी बेताने घालावे आणि मंजिऱ्या खुडत राहाव्यात. दूर्वांचेही तसेच, त्या गच्चीवर पसरट कुंडीत लावाव्यात. गुलाब आणि मोगरा यांनाही गच्चीवर न्यावे. गुलशनाबाद म्हणवलेल्या शहरात अंगणातले गुलाब हलवायला जिवावर येते हे मी जाणतो, पण सहा तासांच्या उन्हाशिवाय ते केवळ तग धरतात.

लॉनचा विचार आता सोडावा, असे मी स्पष्टपणे सांगेन. आपल्याकडे विकले जाणारे नेहमीचे लॉन हे ऊन मागणारे गवत आहे. सावलीत ते विरळ होते, विरळ झाले की आपण जास्त पाणी घालतो, आणि पावसाळ्यात त्या जागी शेवाळ येते. मधल्या मोकळ्या भागात टाकी मारलेला खडबडीत काळा दगड बसवावा, सांध्यांत सिमेंट न भरता बारीक खडी भरावी आणि कडेच्या सांध्यांत मोंडो ग्रास चार-सहा इंचांवर लावावे. गुळगुळीत शहाबादी किंवा टाइल बाहेर नकोच; पावसाळ्यात सावलीतल्या गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरते आणि वयस्कर माणसाचा पाय एकदा घसरला की त्या बागेत पुन्हा कोणी निर्धास्तपणे बसत नाही. फरशीला घरापासून बाहेर, दर दहा फुटांमागे दीड ते दोन इंच उतार द्यावा. आंब्याच्या खोडापर्यंत फरशी नेऊ नये.

बसण्याची जागा आंब्याखाली करण्याचा विचार पहिल्यांदा मनात येतो. तेथे मोहोरात चिकटा, उन्हाळ्यात कैऱ्या आणि बाराही महिने मुंगळे असतात. इमारतीमुळे अंगणाचा पश्चिम भाग दुपारी दोनलाच सावलीत जातो आणि संध्याकाळपर्यंत तेथला दगड निवलेला असतो, म्हणून कट्टा पश्चिमेला, आंब्याकडे तोंड करून असावा. कट्ट्याची उंची सतरा-अठरा इंच, मागे टेकायला पाठ आणि उठताना धरायला एका बाजूस हात असावा. घरापासून कट्ट्यापर्यंतची वाट तीन फूट रुंद, पायरीविना आणि खडीविना असावी.

मातीबद्दल एवढेच सांगतो की काळी माती फक्त वाफशावर, म्हणजे ओल आटून ती भुसभुशीत झाल्यावर, खणावी. ओली असताना खणली की तिची ढेकळे विटेसारखी वाळतात, आणि वैशाखात कोरडी खणायला गेलात तर पहार लागते. भिंतीलगतचा आणि उत्तरेचा वाफा सहा ते आठ इंच उंच करावा, म्हणजे पावसाळ्यात मुळे पाण्यात राहणार नाहीत. काळ्या मातीत वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. थोड्या वाळूने ती मोकळी होत नाही, उलट घट्ट होते. भरपूर कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे कंपोस्ट हाच तिच्यावरचा उपाय आहे. कुंड्यांसाठी लाल माती आणि कंपोस्ट समप्रमाणात घेऊन त्यात इगतपुरीकडून येणारे भाताचे तूस मिसळावे.

सावलीतली झाडे तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरतात. माती वरून ओली दिसते म्हणून थांबावे किंवा कोरडी दिसते म्हणून घालावे, असे करू नये. बोट दोन पेरे आत घालून पाहावे. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा कॅलेथियासारख्या झाडांची वाढ थांबते आणि त्यांना आठवड्यातून एखादे पाणी पुरते. ठिबक बसवायचे असल्यास तिन्ही भागांना स्वतंत्र व्हॉल्व्ह ठेवावेत, कारण आंब्याखालचा व्हॉल्व्ह ऑक्टोबरात बंद करायचा आहे. मेमध्ये फर्नना पाण्याइतकीच हवेतल्या ओलाव्याची गरज असते. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात आणि सकाळ-संध्याकाळ फरशीवर सडा मारावा.

दिसण्याच्या बाबतीत एक पथ्य पाळावे. सावलीत गडद रंग विरतात आणि पांढरा, पोपटी उठून दिसतो. सोनटक्का, कुंद, पेवा, पांढऱ्या कडांचे स्पायडर प्लँट हे सगळे त्यामुळेच निवडले आहे. उत्तरेच्या कुंपणाला आतून फिका, चमक नसलेला पांढरा रंग दिल्यास थंडीच्या महिन्यांत अंगणात लक्षणीय उजेड वाढतो. खर्च आणि परिणाम यांचा विचार करता मला याहून चांगला उपाय माहीत नाही. नर्सरीतून प्रत्येकी एक अशी वीस प्रकारची झाडे आणण्यापेक्षा सहा-सात प्रकार घेऊन प्रत्येकाचा गट करावा, रुंद पानाशेजारी बारीक पान ठेवावे.

पावसाळ्यात दोन त्रास नक्की होतील. गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी वाफ्यांजवळ टाकावीत आणि सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात, त्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. मीठ वाफ्यात टाकू नये, माती खराब होते. डासांसाठी कुंड्यांखालच्या बशा काढूनच टाकाव्यात. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठवडा-दहा दिवसांत तयार होतो.

आता क्रम. मार्च सुरू आहे, तेव्हा या आठवड्यात फक्कीच्या रेघा ओढाव्यात. एप्रिल-मेमध्ये उतार, दगड, कट्टा, वृंदावन आणि ठिबकच्या नळ्या एवढेच करावे, झाड एकही आणू नये. मेच्या मध्यास पुन्हा मोजावे; घरालगतच्या पट्ट्यात ऊन कोठपर्यंत येते ते तेव्हा डोळ्यांनी दिसेल. मेअखेर कंपोस्ट पसरावे आणि हळद, रानहळद यांचे गड्डे मिळवून ठेवावेत. दोन-तीन चांगले पाऊस होऊन वाफसा आला की आधी आंब्याखाली आणि मग उत्तरेच्या पट्ट्यात लावणी करावी. फर्न आणि इतर कुंड्या जुलैच्या उत्तरार्धात आणाव्यात, म्हणजे त्यांना ओलसर हवेचे दोन-अडीच महिने मिळतील.

या पहिल्या लावणीत उत्तरेच्या आणि घरालगतच्या वाफ्यांतली तिसरा हिस्सा जागा रिकामीच ठेवावी. डिसेंबरची मोजणी झाल्याशिवाय त्या जागांबद्दल मी स्वतःही नक्की काही सांगू शकणार नाही. तोपर्यंत तेथे पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. डिसेंबरचे चार फोटो आणि घर, कुंपण, इमारत यांच्या उंचीची मापे पाठवलीत, तर त्या जागांत काय लावावे हे मी नावानिशी आणि अंतरानिशी कळवीन.